चराईबंदी आणि डोंगरावरची फुलं

चराई थांबवली की डोंगरावरची फुलं वाढतातच, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. उत्तराखंडातली व्हॅली ऑफ फ्लॉवर्स बघा. १९८२ साली राष्ट्रीय उद्यान झाल्यावर तिथली मेंढ्या-बकऱ्यांची चराई बंद झाली. पुढे पॉलिगोनम नावाची उंच वनस्पती फोफावली. जमिनीखालच्या खोडांनी ती पसरते, दाट माजते आणि बुटक्या फुलझाडांचं ऊन अडवते. वनविभागाला ती उपटून काढावी लागते. सगळा दोष चराईबंदीचा नाही, हेही खरं. हिमस्खलनाने उघड्या पडलेल्या जमिनीवरही ती पटकन जम बसवते. आपल्या कासला तर कातळावर जेमतेम मातीचा थर. तिथे गुरांनी गवत खाल्ल्याने इवल्या फुलांना ऊन मिळतं. मेंढपाळांना सरसकट गुन्हेगार ठरवू नका, कळकळीने सांगतो.