२०२६ चे ॲनिमेशन पिक्चर : पहिल्या आठवड्यात काय बघणार, 'हॉपर्स' की 'टॉय स्टोरी ५'?

चित्रवेडा

२०२६ ची यादी काल परत नीट बघितली आणि खरं सांगतो, पोटात गोळा आला. फेब्रुवारीत सोनीचा 'गोट', ६ मार्चला पिक्सार स्टुडिओचा 'हॉपर्स', एप्रिलमध्ये मारिओचा दुसरा, १९ जूनला पिक्सारचाच 'टॉय स्टोरी ५', १ जुलैला 'मिनियन्स ३', आणि वर्षाच्या शेवटी डिस्नेचा 'हेक्स्ड'. नवीन गोष्टी नाहीतच असं नाही, पण जून-जुलैचे सगळ्यात धंद्याचे दिवस कुणाला दिलेत बघा, आकडे लावलेल्यांना, म्हणजे जुन्याच सिनेमांच्या पुढच्या भागांना. २०२७ तर विचारूच नका, 'आइस एज'चा सहावा, 'श्रेक ५', 'फ्रोझन ३', स्पायडरमॅनच्या ॲनिमेशनवाल्या स्पायडर-व्हर्सचा तिसरा.

माझं म्हणणं एवढंच आहे की नव्या गोष्टीला आता एकच वीकएंड मिळतो. जून २०२५ मध्ये 'एलिओ' आला, अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत साधारण २ कोटी ८ लाख डॉलर, पिक्सारची आजवरची सगळ्यात कमी ओपनिंग, आणि सोमवार उजाडायच्या आत सगळ्यांनी तो पडला म्हणून जाहीर करून टाकलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'झूटोपिया २' आला आणि महिन्याच्या आत अब्ज डॉलर पार. आता स्टुडिओत बसलेला माणूस यातून काय शिकणार ते सांगायला नको.

आणि 'टॉय स्टोरी'बद्दल माझा राग प्रेमापोटी आहे. तिसऱ्या भागाचा शेवट आठवा, अँडी कॉलेजला निघालाय, बॉनी नावाच्या छोट्या मुलीसमोर बसून एकेका खेळण्याची ओळख करून देतो, ती त्याच्या लाडक्या काउबॉय बाहुल्याला, वुडीला, घ्यायला हात पुढे करते आणि तो नकळत वुडीला मागे ओढतो. अर्ध्या सेकंदाची हालचाल असेल. त्यात सगळं संपलं होतं हो. २०१९ मध्ये चौथा काढून ते परत उघडलं, आता पाचवा. म्हणून मी ठरवलंय, पहिल्या आठवड्याचं तिकीट फक्त नव्या गोष्टीला, आकडेवाले नंतर सावकाश बघू. तुम्हीपण तसंच करा असं मनापासून वाटतं.

रीळ_आणि_रंग

अजिबात पटलं नाही. तुम्ही ज्या 'हॉपर्स'साठी थांबलाय ना, त्याचे पैसे कुठून आले असं वाटतं तुम्हाला? पिक्सारच्याच 'इनसाइड आउट २' ने २०२४ मध्ये जगभरात जवळपास १ अब्ज ७० कोटी डॉलर कमावले म्हणून त्या इमारतीतले दिवे चालू आहेत. मुलीचं मन बीव्हर नावाच्या प्राण्याच्या यंत्रात घालायचं, असली 'हॉपर्स'ची कल्पना कोणी मंजूर करतं ती पाठीशी वुडी उभा आहे म्हणून.

दुसरं म्हणजे आकडा लागला की आळस आला हे गृहीतच चुकीचं आहे. 'टॉय स्टोरी २' आधी थेट व्हिडिओवर काढायचा ठरला होता, मग थिएटरचा करायचं ठरलं, आणि शेवटी जवळपास सगळा मोडून नऊ महिन्यांत परत केला. माझ्या मते तो पहिल्यापेक्षा सरस आहे. 'पुस इन बूट्स'चा दुसरा बघा, पहिल्यानंतर ११ वर्षांनी आला, २०२२ मध्ये, आणि मरणाची भीती या विषयावर लहान मुलांसाठी इतकं सरळ कुणी केलं होतं? मरण बनून आलेला तो लांडगा शीळ घालत येतो तेव्हा मांजराच्या अंगावरचा केस न् केस उभा राहतो. सिक्वेलच होता तो.

पाचवा भाग अँड्र्यू स्टँटन करतोय, 'निमो' आणि 'वॉल-ई' वाला, आणि विषय आहे खेळणी विरुद्ध टॅबलेट. आजच्या घडीला याहून जवळचा विषय सांगा मला. मी पहिल्या दिवशी जाणार.

चित्रवेडा

'पुस इन बूट्स'बद्दल शंभर टक्के मान्य. पण तो ११ वर्षांनी आला ते कुणाला तरी काही सांगायचं होतं म्हणून. 'मोआना २' चं काय? ती मुळात घरबसल्या बघायची सीरिज होती, २०२४ च्या फेब्रुवारीत जाहीर केलं की आता सिनेमा करतोय, आणि नोव्हेंबरात थिएटरात. तिनेपण अब्ज डॉलर केले. म्हणजे आकडा लावला की जोडकामसुद्धा चालतं, आणि नवीन गोष्ट कितीही जीव ओतून केली तरी तीन दिवसांत निकाल. हा न्याय मला मान्य नाही.

रीळ_आणि_रंग

'एलिओ'लासुद्धा जोडकामच झालं होतं की. दिग्दर्शक मध्येच बदलले, तारीख वर्षभराहून जास्त पुढे गेली. तो पडला तो नवा होता म्हणून पडला असं ठामपणे कसं म्हणता?

लाइटिंगची_पोरगी

मी याच धंद्यात आहे, लाइटिंग करते, म्हणजे ॲनिमेशनच्या चित्रात उजेड-सावली बसवते, त्यामुळे जरा लांब लिहिते.

तुम्ही दोघं पैशाबद्दल बोलताय पण वेळेबद्दल कुणी बोलत नाहीये. असा सिनेमा व्हायला चार-पाच वर्षं सहज जातात, म्हणजे २०२६ मध्ये जे येणार त्यातलं बरंचसं २०२१-२२ च्या आसपास ठरलेलं आहे. तेव्हा काय चालू होतं आठवा, थिएटरं बंद नाहीतर अर्धी रिकामी, पिक्सारचे 'सोल', 'लुका', 'टर्निंग रेड' असे लागोपाठ तीन नवे सिनेमे थेट घरच्या स्क्रीनवर गेले. लोकांना सवयच लागली की नवी गोष्ट घरी बघायची आणि ओळखीची थिएटरात. हे माझं मत आहे, पण आतून बघितल्यावर असंच दिसतं. त्यामुळे आज तुम्ही तिकीट काढलंत तर त्याचं फळ २०३० मध्ये दिसेल, पुढच्या वर्षी नाही. तरीपण काढा.

आता काम कसं असतं ते सांगते. मागे मला एक शॉट होता, चार सेकंदांचा, म्हणजे ९६ फ्रेम. एक मूल खिडकीशी बसलंय, बाहेर ढग सरकतो आणि त्याच्या गालावरचा उजेड कमी होतो, बस. तीन आठवडे गेले. गालातून किती लाल झिरपलं पाहिजे, कान उन्हाच्या बाजूला आहे म्हणून तो जास्त लाल, ढग आल्यावर तो लाल आधी जातो का गालावरचा पिवळा आधी जातो, यावर चार वेळा रिव्ह्यू झाला. पाचव्यांदा पास झाला तेव्हा आमच्या टीममधलं कुणीच काही बोललं नाही, फक्त तो परत परत चालवून बघत बसलो.

तो सिनेमा आलाच नाही. दोन वर्षांचं काम, बरंचसं तयार होतं, एका मीटिंगमध्ये बंद केलं. कुठल्या स्टुडिओत ते लिहीत नाही. म्हणून माझ्यासाठी २०२६ ची सगळ्यात मोठी तारीख २८ ऑगस्ट आहे, 'कोयोटी व्हर्सेस ॲक्मी'. पूर्ण ॲनिमेशन नाहीये तो, खरी माणसं आणि कार्टून एकत्र, पण २०२३ मध्ये पूर्ण झालेला सिनेमा वॉर्नर स्टुडिओने टॅक्समध्ये सूट मिळावी म्हणून कपाटात टाकला होता, आणि नंतर दुसऱ्या कंपनीने विकत घेतला म्हणून आता लोकांना दिसणार. तो नवा आहे का जुना, त्याला आकडा आहे का नाही, मला काही फरक पडत नाही. तो दिसणार आहे.

दोन_पिल्लांची_आई

वाचून गलबलून आलं.

मला मूळ मुद्द्यावर बोलायचंय. चित्रवेडा, तुमच्यासाठी पाचवा भाग पाचवा आहे, माझी धाकटी सहा वर्षांची आहे, चौथा आला तेव्हा ती पाळण्यात होती, तिच्यासाठी हा पहिलाच. 'झूटोपिया'चा तिने आधी दुसरा बघितला आणि मग घरी येऊन २०१६ चा पहिला, आणि मला विचारते, आई हे ससा-कोल्हा आधी भांडायचे का गं? तिला उलट्या क्रमाने गोष्ट जास्त आवडली. अँडीने वुडीला मागे ओढलं ते तुमचं रडणं होतं, तिचं रडणं अजून व्हायचंय, ते तिच्यापासून का काढून घेता?

पण रीळ_आणि_रंग, तुमचंही पटत नाही की नव्याला पाठीशी वुडी लागतोच. 'केपॉप डेमन हंटर्स' कोण ओळखत होतं जूनच्या आधी? २०२५ मध्ये गुपचूप नेटफ्लिक्सवर आला आणि तिथला आजवरचा सगळ्यात जास्त बघितला गेलेला सिनेमा झाला. आमच्याकडे निदान वीस वेळा लागला असेल, गाणी मलाच पाठ झाली. तो पहिल्या वीकएंडच्या तराजूत टाकला असता तर काय झालं असतं कोण जाणे. 'एलिमेंटल'चंही तेच, २०२३ मध्ये पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत तीन कोटी डॉलरसुद्धा धड नाही, सगळे म्हणाले गेला, आणि महिनोन् महिने चालत चालत जगभरात ५० कोटींच्या जवळ पोचला. मुलं एकमेकांना सांगतात मग आम्ही जातो, त्याला वेळ लागतो. तीन दिवसांत मोजायची ही पद्धतच मुलांच्या सिनेमाला लावायला नको.

कागदावरचा

तुम्ही सगळे अमेरिकेतच फिरताय. आजवर सगळ्यात जास्त कमावलेला ॲनिमेशनपट कुठला? चीनचा 'ने झा २', २०२५, दोन अब्ज डॉलरच्या पुढे, आणि त्यातला बहुतेक सगळा पैसा चीनमधलाच. त्याच वर्षी ऑस्कर कुणाला? लॅटव्हियाच्या 'फ्लो'ला. एक मांजर, पूर येतो, एक शब्द संवाद नाही, ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला, जे कुणालाही फुकट मिळतं, बजेट साधारण ३५ लाख युरो. त्याच्या आदल्या वर्षीचं ऑस्कर जपानच्या मियाझाकींना, हाताने काढलेल्या चित्रांना. त्यामुळे मोठ्या स्टुडिओंनी काय ठरवलं यावर आपण इतकं का झुरायचं?

मी २०२६ मध्ये एकाच गोष्टीची वाट बघतोय, बाहुल्यांचे सिनेमे करणाऱ्या लाइका स्टुडिओचा 'वाइल्डवुड'. त्यांचा आधीचा 'मिसिंग लिंक' २०१९ चा होता, म्हणजे सात वर्षांनी. बाहुल्या, हाताने हलवलेल्या, एका सेकंदाला २४ फोटो. 'मिसिंग लिंक'साठी त्यांनी एक लाखाच्या वर चेहरे थ्रीडी प्रिंट केले होते, भुवई जराशी उचलायची तरी चेहऱ्याचा तुकडा काढून दुसरा बसवायचा. आणि त्यांच्याच 'कोरलाइन'च्या बाहुलीचा स्वेटर खरंच विणलेला आहे, केसाएवढ्या बारीक सुयांनी. हे मोठ्या पडद्यावर नाही बघायचं तर काय बघायचं?

रीळ_आणि_रंग

'मिसिंग लिंक' थिएटरात कितीजणांनी बघितला होता इथे? मी बघितला, माझ्याबरोबर हॉलमध्ये सहा माणसं होती. बनवायला साधारण १० कोटी डॉलर आणि जगभरातून त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी परत आले. गोल्डन ग्लोब मिळालं, लोक नाही मिळाले. नव्याची बाजू घेणारे आम्ही नेहमी घरी बसून घेतो हे मला खटकतं.

कागदावरचा

मी नव्हता बघितला थिएटरात. तेव्हा परीक्षा होती म्हणून राहिला, नंतर घरी बघितला आणि पहिल्या दहा मिनिटांत कळलं की चूक झाली. यावेळी जाणार.

चित्रवेडा

तेच तर म्हणतोय मी! कारण काही का असेना, राहून जातं. आणि राहून गेलं की सात वर्षं.

दोन_पिल्लांची_आई, तुमच्या मुलीचा मुद्दा मात्र डोक्यातून जात नाहीये. मी शेवट धरून बसलोय आणि तिला अजून सुरुवातच मिळालेली नाही, असा विचार मी केला नव्हता.

लाइटिंगची_पोरगी

स्पायडर-व्हर्सचा तिसरा २०२७ वर गेला म्हणून कुणी चिडू नका एवढीच विनंती. आधी मार्च २०२४ तारीख होती, माहितीये, मीपण वाट बघतेय. पण दुसऱ्या भागाच्या वेळी कलाकारांनी जादा तासांबद्दल किती तक्रार केली ते छापून आलंय. २०१८ चा पहिला परत बघा, जंगलात माइल्स हा नवखा स्पायडरमॅन आणि पीटर हा मुरलेला, दोघं झाडांवरून झोके घेत पळतात तो सीन. पीटरची पोझ प्रत्येक फ्रेमला बदलते, माइल्सची दर दोन फ्रेमला एकदा, म्हणून तो अडखळत आल्यासारखा वाटतो, आणि पुढे जसा जमायला लागतो तसा तो गुळगुळीत होत जातो. कुणाच्या लक्षातही येत नाही पण पोटात जाणवतं. असलं काही सुचायला आणि करायला माणसांची नीट झोप झालेली असावी लागते.

अजून एक. पिक्सारच्या सिनेमात शेवटी नावं येतात त्यात 'प्रॉडक्शन बेबीज' अशी यादी असते, पहिल्या 'टॉय स्टोरी'पासून, काम चालू असताना ज्यांच्या घरी बाळं झाली त्या बाळांची नावं. आता बऱ्याच ठिकाणी ती पद्धत आहे. आमचा जो सिनेमा बंद झाला त्याच्या यादीत माझ्या मुलाचं नाव होतं. तुम्ही 'हॉपर्स'ला जा नाहीतर 'टॉय स्टोरी'ला जा, दिवे लागले तरी बसा.

दोन_पिल्लांची_आई

बसू. दोघींना घेऊन बसेन.

रीळ_आणि_रंग

बसणार. चित्रवेडा, माझं मत बदललेलं नाही, १९ जूनला मी पहिल्या शोला आहे. पण ६ मार्चचंही तिकीट काढतो.