‘वायर’च्या इलेक्ट्रॉनिक वळणात ड्रमरचे काय झाले?

ठेकेदार_धरमपेठ
नमस्कार. धरमपेठेत एका मित्राच्या गच्चीवरील खोलीत आमचा चौघांचा बँड दर रविवारी सराव करतो आणि मी ड्रम वाजवतो. गेल्या महिन्यात गिटारवादकाने ड्रम मशीन आणले. तेव्हापासून निम्म्या गाण्यांत माझ्या वाट्याला केवळ झांजा उरल्या आहेत. मी कुरकुर केली, तेव्हा त्याने लंडनच्या ‘वायर’ या पोस्ट-पंक (पंक रॉकनंतरच्या प्रयोगशील रॉक) बँडचा दाखला दिला. म्हणून १९७७ चा ‘पिंक फ्लॅग’ आणि १९८७ चा ‘द आयडियल कॉपी’ हे त्यांचे अल्बम लागोपाठ ऐकले. पहिल्यात सुमारे ३५ मिनिटांत २१ गाणी, तीही शब्द संपले की तेथेच मिटणारी; दुसऱ्यात गुळगुळीत, चकाकणारे, घड्याळासारखे चालणारे संगीत. दोन्ही त्याच चार माणसांचे आहे, हे पटेना. हे वळण एकाएकी आले काय? आणि त्यांच्या ड्रमरचे पुढे काय झाले?

गांधीसागर
एकाएकी मुळीच नाही. तुम्ही मधले दोन अल्बम वगळलेत, म्हणून दरी एवढी रुंद वाटते. १९७८ च्या ‘चेअर्स मिसिंग’मध्येच निर्माते माइक थॉर्न यांचे कीबोर्ड आणि सिंथेसायझर ऐकू येतात, आणि १९७९ च्या ‘१५४’मध्ये तर गिटार कोठे संपते हे कान देऊन शोधावे लागते. १९८० मध्ये बँड थांबल्यावर त्यातील ब्रूस गिल्बर्ट आणि ग्रॅहम लुईस यांनी ‘डोम’ या नावाने जे काम केले, त्यात गाण्यापेक्षा आवाजाच्या पोताला अधिक मान होता. १९८५ मध्ये चौघे पुन्हा जमले ते ही शिदोरी घेऊनच. त्यात नवी रेकॉर्ड कंपनी ‘म्यूट’ ही डॅनियल मिलर यांची, म्हणजे सिंथेसायझरवरच उभी राहिलेली.

जुनी गाणी न वाजवण्याचा हट्ट तर असा, की १९८७ च्या अमेरिका दौऱ्यात ‘पिंक फ्लॅग’ वाजवणारा दुसराच एक बँड त्यांनी आपल्या आधी मंचावर उभा केला. मला यात श्रोत्यांची थोडी फिरकी दिसते, पण युक्ती बिनतोड होती.

ड्रमर रॉबर्ट गोटोबेड यांच्याबद्दल थोडक्यात: १९९० च्या ‘मॅनस्केप’ अल्बमपर्यंत प्रोग्रॅमिंग, म्हणजे ठेके आधीच यंत्रात भरून ठेवणे, इतके वाढले, की त्यांना करण्यासारखे फारसे उरले नाही. ते बाहेर पडले आणि शेतीकडे वळले. उरलेल्या तिघांनी इंग्रजी नावातील शेवटचे अक्षर गाळले आणि १९९१ मध्ये ‘द फर्स्ट लेटर’ काढला.

बर्डी_बेस
कालक्रम बरोबर आहे, परंतु यंत्र बाहेरून आले आणि त्याने माणसाला उठवले, असा जो ग्रह त्यातून होतो तो मला मान्य नाही. १९८६ चे ‘ड्रिल’ ऐका. त्यामागील कल्पनेला ते ‘डगा’ म्हणत: एकच सूर, एकच लय, अखंड आवर्तन. आपल्याला लगेच डग्गा आठवतो, पण डग्ग्याला निदान घुमारा असतो. येथे तेवढीही सूट नाही. पुढे या एकाच गाण्याच्या निरनिराळ्या रूपांचा अख्खा अल्बम निघाला. गोटोबेड यांची शैली पहिल्यापासूनच काटकसरीची आणि सरळ ठेक्याची होती. बँडला यंत्राची गोडी लागली ती याच वादनाच्या शेजारी बसून, असे माझे मत आहे.

शिवाय २००० मध्ये चौघे पुन्हा मंचावर आले तेव्हा ड्रमवर तेच होते आणि नावातील अक्षरही परतले होते, हे तुमच्या गिटारवादकाने सांगितले नसावे. त्याच्याशी भांडू नका. मशीनकडे फक्त हाय-हॅट (पायाने उघडमिट होणारी झांजांची जोडी) द्या, क्लिक, म्हणजे लय दाखवणारी टिकटिक, स्वतःच्या हेडफोनमध्ये घ्या आणि किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) व स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) हाताशी ठेवा.

ठेकेदार_धरमपेठ
दोघांचेही आभार. काल तसे करून पाहिले. तिसऱ्या गाण्यात वीज गेली, मशीन आणि अ‍ॅम्प एकदम मुके झाले, आणि अंधारात मी एकटाच त्याच लयीत वाजवत राहिलो. आठ-दहा आवर्तनांनंतर गिटारवादक म्हणाला, “थांबू नको.” आता ‘१५४’ ऐकायला घेतो.