सोसायटीत कचरावेचक ताई नकोत, ठेकेदाराची गाडी हवी?

कर्वेनगरकर
गेल्या रविवारी आमच्या सोसायटीच्या सभेत ठराव आला. दारोदार कचरा नेणाऱ्या ताईंचे महिन्याचे पैसे बंद करायचे आणि खासगी ठेकेदाराची गाडी लावायची. विरोधात चारच हात वर झाले, त्यातला एक माझा.

मार्च 2022 पासून जवळजवळ चार वर्षं पुणे महापालिकेत नगरसेवकच नव्हते, सगळा प्रशासकाचा कारभार. जानेवारी 2026 मध्ये मतदान झालं. प्रचाराला दारात आलेल्या प्रत्येकाला आम्ही पाणी विचारलं, पार्किंग विचारलं. आपला कचरा उचलणाऱ्या बाईला काय मिळतं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही, आणि ते मला लागून राहिलंय.

या बायकांनी 1993 मध्ये बाबा आढावांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी केली. त्यातल्या बहुतेक दलित. उकिरड्यावर वाकणाऱ्या बाईच्या हातात ओळखपत्र आलं, पोलिसांचा आणि भंगारवाल्याचा जाच कमी झाला. 2008 मध्ये त्यांच्याच ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने दारोदार कचरा उचलण्यासाठी महापालिकेशी करार केला. तिथे काम करणारीच मालक आहे. ठेकेदाराकडे ती पुन्हा मजूर होणार.

सहकारनगर
भावना समजल्या. पण मिळकतकराच्या बिलात सफाई कर असतो ना? तो भरून वर दरमहा हातावर पैसे का ठेवायचे? ज्यांची ऐपत आहे ते देतील, पण आमच्या मागच्या चाळीत पेन्शनीवर जगणारी माणसं आहेत. पुरोगामी म्हणवताना त्यांचाही विचार करा.

कर्वेनगरकर
चाळीचा मुद्दा बरोबर आहे. तिथला भार महापालिकेने उचलावा, ही मागणी आपण मिळून नगरसेवकांकडे नेऊ. पण आमच्या सोसायटीत दोन-दोन गाड्या आहेत. आमच्या ठरावामागे गरिबी नाही.

हडपसरवासी
मी कर्वेनगरकरांच्या विरोधातच लिहितोय. 2026 सालीही बाईने आपला कचरा हाताने उपसायचा आणि आपण त्याला ‘मॉडेल’ म्हणायचं? डायपर, पॅड, फुटलेल्या काचा. यंत्रं आणा, बंद गाड्या आणा, त्यांच्या मुलींना दुसरं काम द्या. पिढ्यान्‌पिढ्या त्याच जातीच्या बायकांनी हेच करायचं, याला सन्मान म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जनवाडी
माझी आई हेच काम करते, म्हणून सांगतो. दादा, तुमचं दुसरं काम येईपर्यंत घर कशावर चालवायचं? तिचं निम्मं पोट भंगारावर आहे. पुठ्ठा, बाटल्या, पत्रा ती निवडते आणि विकते. म्हणून ओला-सुका वेगळा ठेवण्यात तिचा स्वतःचा फायदा आहे. ठेकेदाराला टनावर पैसे मिळत असतील, तर जितकं वजन जास्त तितकं बिल जास्त. तो कशाला निवडून वेगळं करेल? यंत्राला तिचा विरोध नाही. यंत्र आलं तर ते चालवायला तीच असावी, एवढंच म्हणणं. आणि पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल खूण करायला सगळ्यांना कितीदा सांगून झालंय.

सहकारनगर
खूण करणं माझ्याच घरात होत नाही, हे कबूल. पण कचरा दोन दिवस पडून राहिला तर तक्रार कुणाकडे करायची? गाडी असली की ठेकेदाराला धरता येतं.

जनवाडी
आरोग्य कोठीवर, म्हणजे महापालिकेच्या सफाईच्या चौकीवर, मुकादमाकडे करा. आई आजारी असली तर बदली कोण येणार, ते आधी ठरवून घ्या. आजवर आम्हाला कुणी विचारलंच नाही.

हडपसरवासी
उरुळी देवाची, फुरसुंगीच्या लोकांना विचारा न निवडलेला कचरा म्हणजे काय. आमच्या बाजूचीच गावं. वर्षानुवर्षं शहराचा ढीग त्यांच्या शिवारात, विहिरीचं पाणी खराब झालं. टनावर बिल हा मुद्दा मला आधी सुचला नव्हता. तरी हाताने उपसणं थांबलं पाहिजे, यावर मी ठाम आहे.

कर्वेनगरकर
मग हातमोजे, बूट आणि निवडायला छप्पर असलेली जागा, हे नव्या ठरावात घालते. आमच्या पार्किंगच्या कोपऱ्यात ती जागा आहे, आत्ता तिथे जुने सोफे पडलेत. पुढच्या सभेला ताईंनाच बोलावते. जनवाडी, तुमच्या आईंना संध्याकाळी सात जमेल का?

जनवाडी
सातला नको, पहाटे चारला उठते. रविवारी अकरा.