परदेशी दत्तक गेलेली मुलं आणि भाषा : तुमचे अनुभव लिहा

रंकाळाकाठ
काल रंकाळ्यावर एक गोरं जोडपं, सोबत आपल्याकडचीच सहा-सात वर्षांची पोर. भेळवाल्याला म्हणाली, "काका, तिखट कमी टाका की!" आणि ती दोघं नुसती तिच्या तोंडाकडं बघत राहिली. मी पूर्वी एका बालगृहात शिकवायला जायचे, ते सगळं आठवलं. परदेशी जाणारी मुलं बरेचदा मोठी असतात, नाहीतर भावंडं असतात. म्हणजे चांगली घडाघडा बोलणारी. जायच्या आधी तिकडून फोटोंचा अल्बम यायचा, घर, पलंग, कुत्रा. पोरं कुत्र्यावरच खूश! तुमच्यापैकी कुणी दुभाषाचं काम केलंय?

तडका
केलंय. मी मिलानजवळ राहते. ओळखीतून एका आईचा फोन, पोरगा तीन दिवस बोलत नाही, याल का? मी दारातच "काय रे बाळा, जेवलास का?" तर हा सोफ्यामागं. मराठी बोलणारी बाई म्हणजे आपल्याला परत न्यायला आली, असं वाटलं असणार. मग मी गप्प. त्याच्या आईला कांदेपोहे शिकवायला घेतले. मोहरी तडतडली तसा स्टूल ओढत आला, ओट्यावर हनुवटी टेकवून बघत बसला. "शेंगदाणे घाल," पहिलं वाक्य. मला नाही हं, तिला! पुढच्या उन्हाळ्यात गेले तर माझ्याशीही इटालियनच.

पन्हाळ्याचा_वारा
आमच्या ओळखीत उलटं. पोर मान डोलवायचं आपल्यासारखं, त्यांना वाटायचं नको म्हणतोय. ताट उचलून न्यायचे 😂

रंकाळाकाठ
अरे देवा, उपाशी की पोर!

शाहूपुरी३री
इतकी लवकर जाते भाषा? वाईट वाटलं वाचून.

तडका
जाते. घरात, शाळेत कुणीच बोलत नसलं की काय राहणार.

डॉक्टरीणबाई
पार जात नसावी. २०१४ ला माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी चीनमधून तान्हेपणी दत्तक आलेल्या मुली तपासल्या. चिनी अजिबात येत नव्हतं, पण चिनी सूर कानावर पडले की मेंदू चिनी बोलणाऱ्यांसारखाच काम करत होता. बाकी दुखणं कसं सांगायचं ते आधी शिकवा. माझ्याकडं आलेल्या एकीचा कान ठणकत होता, आईवडील समजत होते हट्ट करतीय. (कुकर झाला, येते)

पन्हाळ्याचा_वारा
पण नंतर कोण बघतं का यांच्याकडं?

रंकाळाकाठ
अहवाल येतात. कारा म्हणजे दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था, तिच्या नियमात पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. फोटोसकट.

शाहूपुरी३री
ताई, भेळ कुठल्या गाडीवर? आम्ही गेलो तर नुसतं चिंचेचं पाणी.

पन्हाळ्याचा_वारा
भेळ खायची तर खासबागेत. रंकाळ्यावर हवा खायची.

तडका
इकडं चुरमुरे मिळेनात, आणि तुमचं हे चाललंय 😭