शनिवारची जॅझ बैठक: रेकॉर्ड चढी वाजते

प्रेषक: कार्यक्रम समिती

मंडळी,
शनिवारी ४ वाजता, नेहमीच्याच बेसमेंटमध्ये. प्रत्येकाला १५ मिनिटं. कृपया गेल्या खेपेसारखं ताणू नका. सुरुवात खजिनदारांच्या रेकॉर्डने, माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ने. पण वहिनी म्हणतात की रेकॉर्ड चढी वाजते. टर्नटेबलचा जास्तीचा पट्टा कोणाकडे आहे का? शुक्रवारपर्यंत कळवा.

प्रेषक: खजिनदार

पट्टा दोन महिन्यांपूर्वीच बदललाय. स्ट्रोबच्या लुकलुकत्या दिव्याखाली टर्नटेबलवरचे ठिपके जागेवर स्थिर दिसतात, म्हणजे वेग बरोबर आहे. टर्नटेबल माझ्याखेरीज कोणी उघडू नये ही विनंती, मागच्या वेळी सुई बदलावी लागली होती. वहिनी, एकदा पेटी तपासून घ्या ना.

प्रेषक: पेटीवाल्या वहिनी

भाऊजी, पेटी दिवाळीच्या आधीच लावून घेतलीये, ट्यूनरवर ४४०ला बरोबर येते. पहिल्या बाजूचा पहिला तुकडा ‘सो व्हॉट’ पांढरी दोनमध्ये आहे. स्वर आपल्या काफीचेच, गंधार-निषाद कोमल. ३२ बारांमधले (बार म्हणजे चार मात्रांचा गट) तिसरे ८ बार तोच काफी अख्खा उचलून काळी दोनवर नेतात आणि परत खाली आणतात. षड्जच हलवतात, म्हणून मला हा तुकडा इतका आवडतो. पण पेटीवर पांढरी दोन धरली की रेकॉर्ड तिच्या जराशी वर ऐकू येते. आता बाजू उलटा. ‘ऑल ब्लूज’ पांढरी पाचला तंतोतंत लागतं. पट्टा बिघडला असता तर दोन्ही बाजू चढल्या असत्या.

प्रेषक: प्लेनफिल्डचे काका

वहिनींचा कान बरोबर आणि खजिनदारांचं टर्नटेबलही बरोबर. चूक १९५९ची आहे.

पहिल्या बाजूचे तिन्ही तुकडे २ मार्चला न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या ३०व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाले. त्या दिवशी मुख्य टेप मशीन किंचित हळू फिरत होतं. हळू भरलेली टेप योग्य वेगाने वाजवली की सूर चढतो आणि लयही वाढते. दुसरी बाजू २२ एप्रिलची, तिला काही झालेलं नाही. सुदैवाने पहिल्या दिवशी जोडीला दुसरं मशीनही चालू होतं, आणि ते नीट फिरत होतं. त्या टेपवरून १९९२च्या आवृत्तीत सूर जागेवर आणले. तोवर ३० वर्षांहून जास्त काळ सगळ्यांनी चढाच ‘सो व्हॉट’ ऐकला, त्यावरूनच रियाझ केला.

माझ्याकडे नंतरची सीडी आहे, ती आणतो. माझ्या वाट्याला ‘ब्लू इन ग्रीन’ ठेवा. या रेकॉर्डवरचा पियानोवादक बिल एव्हन्स १९२९ साली न्यू जर्सीतल्या आमच्या प्लेनफिल्डमध्येच जन्मला, तेव्हा त्याच्यावर माझा हक्क आहे. आणि पहिल्या बाजूच्याच ‘फ्रेडी फ्रीलोडर’वर मात्र पियानो विंटन केलीचा आहे, हे वाजवण्याआधी सांगायला हवं. मागच्या वर्षी कोणी सांगितलं नव्हतं.

प्रेषक: खजिनदार

काका, पटलं. तरी एलपीच लावावी असं माझं म्हणणं आहे. या देशात आलो तेव्हा पहिल्या पगारातून घेतलेली ती पहिली रेकॉर्ड. खोलीत गादी आणि टर्नटेबल, बस. पॉल चेंबर्सचा बास विचारतो आणि बाकीचे दोन स्वरांत उत्तर देतात, ते रोज रात्री ऐकायचो. तोच सूर कानात बसलाय. सीडीवर तो मला उतरलेला वाटतो.

प्रेषक: एंगलवुडची ताई

एलपी की सीडी ते ठरवा, पण १५ मिनिटांचं काय? सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनचं ‘अ लव्ह सुप्रीम’ जवळपास ३३ मिनिटांचं आहे, चार भाग मिळून एकच रचना. बडा ख्याल आपण अंतऱ्याआधी थांबवतो का? ९ डिसेंबर १९६४ला ते एंगलवुड क्लिफ्समध्ये रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत झालं, माझ्या रोजच्या वाटेवर. पहिल्या भागाच्या शेवटाकडे चार स्वरांचं ते एकच वाक्य कोल्ट्रेन एकेका पट्टीत फिरवत नेतो. वहिनी, तुमच्या षड्ज हलवण्याचं पुढचं पाऊल तिथे आहे. मी तोडून लावणार नाही.

प्रेषक: मडगावचे काका

यादीत एकही गोंयकार नाही, दरवर्षी हेच. चिक चॉकलेट म्हणजे आमचे अँतोनियो झेवियर वाझ, हळदोण्याचे. मुंबईच्या ताजमध्ये ट्रंपेट वाजवायचे, आणि संगीतकार सी. रामचंद्र चितळकरांचे सहायकही होते. पुणतांब्याचे चितळकर आणि हळदोण्याचे वाझ एकत्र आले म्हणून १९५१चा ‘अलबेला’ सिनेमा तसा वाजतो. वडील त्या ट्रंपेटचं नाव काढलं की हातातला पेपर खाली ठेवायचे. मला ५ मिनिटं पुरतील, पण ती कार्यक्रमात हवीत. मागच्यासारखी जेवणाच्या रांगेत नकोत.

प्रेषक: कार्यक्रम समिती

ठीक. ‘सो व्हॉट’ आधी एलपीवरून, लगेच सीडीवरून, शेजारी पेटी. बाकीची पहिली बाजू सीडीवरून. मग मडगावचे काका, मध्यंतराआधीच. शेवटी ‘अ लव्ह सुप्रीम’ पूर्ण. त्यासाठी वेळ हवा, म्हणून मध्यंतर १० मिनिटांचं. चहा थर्मासमध्येच आणा.

प्रेषक: पेटीवाल्या वहिनी

पेटी आणते. पण हे गाडी घेऊन बोस्टनला गेलेत. प्लेनफिल्डकडून येणारं कोणी मला ३:१५ला घेईल का?