गोव्यातल्या कुठल्या शाळेला सरकारकडून किती पैसा मिळतो, हे शाळानिहाय कुठे सापडेल?

डिचोलीकरीण

नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यातल्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत माझा धाकटा दुसरीत आहे. पटावर चौदा मुलं. मी शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. परवाच्या बैठकीत चांगलीच जुंपली. एक पालक म्हणाले, सरकार सगळा पैसा अनुदानित शाळांना देतं आणि आपल्याला छप्पर गळतं म्हणून अर्जावर अर्ज करावे लागतात. दुसरे म्हणाले, उलट आहे, चौदा मुलांमागे दोन शिक्षकांचे पगार जातात, मुलामागे हिशेब केला तर तालुक्यात आपलीच शाळा श्रीमंत. आकडा दोघांकडेही नव्हता, आवाज मात्र होता.

मला तालुक्यापुरता तक्ता करायचा आहे. शाळेचं नाव, पट, वर्षभरात कुठल्या खात्यातून किती पैसे आले. अर्थसंकल्पाचं पुस्तक उघडलं तर त्यात अख्ख्या राज्याची एकच रक्कम. एका कचेरीत विचारलं तर 'अशी एकत्र माहिती आमच्याकडे नसते' म्हणाले. शिक्षण बी.कॉम., तक्त्याला घाबरत नाही. सुरुवात कुठून करू?

जमाखर्च

बाय, माझी सगळी नोकरी हिशेब शाखेत गेली, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. कचेरीतल्या माणसाने तुम्हाला टोलवलं खरं, पण खोटं सांगितलं नाही. सरकारी प्राथमिक शाळेच्या नावाने एका ठिकाणी लिहिलेला खर्च नसतोच.

महाराष्ट्रात प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या. आपल्याकडे त्या थेट शिक्षण खात्याच्या, मधे भागशिक्षणाधिकारी. शिक्षकांचं पगारबिल तालुक्याचं मिळून बनतं. बिलावर शिक्षकाचं नाव असतं, हुद्दा असतो, मूळ वेतन आणि महागाई भत्ता असतो, पण 'अमुक शाळेवर इतका खर्च' अशी बेरीज कोणी मारत नाही, कारण कोषागाराला ती लागत नाही. इमारतीचं मोठं काम सार्वजनिक बांधकाम खातं किंवा साधनसुविधा विकास महामंडळ करतं, ते त्यांच्या वहीत. माध्यान्ह आहाराचे पैसे महिला स्वयंसाहाय्य गटाला जातात. समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय योजनेचं वार्षिक अनुदान तिसऱ्याच वाटेने येतं. म्हणजे तुमच्या चौदा मुलांचा पैसा चार जणांच्या दप्तरात विखुरलेला.

अनुदानित शाळेचं याच्या उलट. तिला अनुदान मंजूर होतं ते संस्थेच्या आणि शाळेच्या नावाने, आदेशावर रक्कम असते. त्यामुळे तिचा आकडा चटकन सापडतो आणि सरकारी शाळेचा सापडत नाही. तुमच्या बैठकीतल्या भांडणाचं मूळ बहुतेक इथेच आहे. ज्याचा आकडा दिसतो त्यालाच सगळं मिळतं असं वाटतं.

अर्थसंकल्पाचं पुस्तक टाकून देऊ नका. प्रधान शीर्ष २२०२ म्हणजे सर्वसाधारण शिक्षण. त्यात ०१ खाली १०१ म्हणजे सरकारी प्राथमिक शाळा, १०२ म्हणजे बिगरसरकारी प्राथमिक शाळांना साहाय्य. ०२ म्हणजे माध्यमिक, तिथे सरकारी १०९ आणि बिगरसरकारींना साहाय्य ११०. ही वर्गवारी देशभर एकच आहे, म्हणून शेजारच्या राज्याशीही ताडून बघता येतं. भांडवली खर्च, म्हणजे नवी इमारत वगैरे, ४२०२ मध्ये. एवढ्या चार ओळींवरून राज्याचं वाटप कळतं, मग तालुक्यात उतरा. आणि वाचताना पहिला रकाना वाचा, प्रत्यक्ष खर्चाचा. तो दोन वर्षं जुना असतो म्हणून लोक सोडून देतात आणि चालू वर्षाचा अंदाज पेपरात छापतात. अंदाज म्हणजे आश्वासन हो, मार्चअखेरीस त्यातलं किती सुटलं ते पहिल्या रकान्यातच कळतं. रकमा लाखांत असतात एवढं ध्यानात ठेवा, नाहीतर दोन शून्यं इकडची तिकडे.

तक्तेवाला

जमाखर्च यांनी पैशाची बाजू सांगितली, मी पटाची सांगतो. आधी यूडायस प्लसवरून, म्हणजे देशभरातल्या शाळांची माहिती ठेवणाऱ्या सरकारी संकेतस्थळावरून, तालुक्यातल्या शाळांची यादी उतरवून घ्या. प्रत्येक शाळेला अकरा आकडी कोड असतो, गोव्याचा ३० ने सुरू होतो. तुमच्या तक्त्याचा पहिला रकाना हाच कोड हवा, शाळेचं नाव नव्हे. देऊळवाडा नावाचा वाडा आपल्याकडे किती गावांत आहे विचार करा. 'जीपीएस (म्हणजे सरकारी प्राथमिक शाळा) देऊळवाडा' अशा दोन ओळी आल्या की तुम्ही एका शाळेचे पैसे दुसरीच्या पटाने भागून मोकळ्या.

व्यवस्थापनाचाही रकाना आहे त्यात. १ म्हणजे शिक्षण खातं, ४ म्हणजे खाजगी अनुदानित, ५ म्हणजे विनाअनुदानित. पट ठरावीक तारखेचा धरतात. तिथल्याच शाळेच्या प्रगतिपत्रकात अनुदान आणि खर्चाचेही आकडे दिसतील, पण ते शाळेनेच भरलेले असतात. मी ते पडताळणीपुरते वापरतो, मूळ आकडा म्हणून कधीच नाही.

समग्र शिक्षाच्या वार्षिक अनुदानाला मात्र कुठे अर्ज करायची गरज नाही, पटावरून घरबसल्या काढता येतं. ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, १००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे एक लाख. हे कमाल दर, आणि फक्त सरकारी शाळांना. आता गंमत बघा. तुमच्या शाळेला मुलामागे ७१४ रुपये पडतात. तीस पटाच्या शाळेला ३३३. त्याच शाळेत एक मूल वाढलं की ८०६! शंभर पटाला २५०, एकशे एकला ४९५. त्यामुळे नुसती तालुक्याची सरासरी काढलीत तर काहीच कळणार नाही.

फोंडेंकार

माहिती अधिकाराचा अर्ज टाका की सरळ. एवढा पाल्हाळ कशाला?

जमाखर्च

टाकावा, पण शेवटी. आधी तुमच्या हातात काय आहे ते बघा. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समितीला दिलेल्या कामांतलं एक स्पष्ट काम म्हणजे शाळेला मिळालेल्या अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवणं. तुम्ही समितीवर आहात. शाळेतल्या बाईंकडे रोखवही, पावत्यांची फाईल आणि वर पाठवलेलं विनियोग प्रमाणपत्र, ज्याला सगळे यूसी म्हणतात, ते मागा. हे मागायला माहिती अधिकाराच्या अर्जाचे दहा रुपयेही लागत नाहीत. रोखवहीत तारीख आणि यूसीवरची तारीख शेजारी ठेवून बघा. पैसे फेब्रुवारीत आले आणि मार्चमध्ये संपले असतील तर खडू, झाडू आणि रंगाचे डबेच घेतलेले दिसतील. त्यात शाळेचा दोष नसतो, एवढ्या वेळात दुसरं काही होतच नाही. दहा टक्के तरी स्वच्छतेवर खर्च करायचेच असतात, तेव्हा झाडू बघून लगेच भुवया उंचावू नका.

दुसरं, विधानसभेतले प्रश्न. आमदारांनी विचारलेल्या तारांकित-अतारांकित प्रश्नांना, ज्यांना आपण एलएक्यू म्हणतो, खात्याची उत्तरं मिळतात आणि सोबत परिशिष्टं. शाळानिहाय यादी कुठे असेल तर तिथे. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर चढवलेली असतात. स्कॅन केलेली, तिरकी, पण असतात. बालरथवर, म्हणजे शाळेच्या बसवर, कुठल्या शाळेला किती दिले, डागडुजीसाठी कुठली शाळा निवडली, असे प्रश्न विचारले जातात. तुमच्या आमदारांना नेमका प्रश्न लिहून द्या. पर्वरीला अधिवेशन लागण्याआधी त्यांनाही प्रश्न हवेच असतात.

डिचोलीकरीण

देव बरें करूं दोघांचंही! एक शंका. अनुदानित शाळेला थेट अर्ज करता येतो का? एका ठिकाणी तोंडी विचारलं तर 'आम्ही खाजगी संस्था' म्हणून वाटेला लावलं. आणि अर्ज मराठीत चालेल ना?

जमाखर्च

येतो. माहिती अधिकार कायदा २००५, कलम २ (ज): सरकारी पैशावर मोठ्या प्रमाणात चालणारी बिगरसरकारी संस्थाही त्यात येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये डीएव्ही महाविद्यालयांच्या खटल्यात तेच सांगितलं. पण त्यांच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा अनुदान मंजूर करणाऱ्यालाच विचारा, शिक्षण संचालनालयाला. आणि मराठी चालते, राजभाषा कायद्यात तिला जागा आहे. उत्तर इंग्रजीत येईल, तयारी ठेवा.

अर्ज लिहिताना 'शाळांना मिळणाऱ्या निधीची माहिती द्यावी' असं मोघम लिहू नका. जो पैसा देतो त्याच्या वहीत जे लिहिलेलं असतं तेच मागा. संचालनालयाकडे: अमुक आर्थिक वर्षात डिचोली तालुक्यातल्या अनुदानित शाळांना मंजूर आणि वितरित झालेलं वेतन अनुदान व देखभाल अनुदान, मंजुरी आदेशांच्या प्रतींसह. भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे: त्याच वर्षीच्या अमुक महिन्याचं सरकारी प्राथमिक शिक्षकांचं शाळानिहाय पदस्थापन आणि वेतनश्रेणी, नावं वगळून. पदं आणि श्रेणी मिळाली की पगाराचा अंदाज तुम्हीच काढू शकाल. नावं मागितलीत की वैयक्तिक माहिती म्हणून नकार द्यायला कारण मिळतं. माहिती एक्सेलमध्ये असेल तर तशीच द्यावी, असंही लिहा. कलम ७ (९) त्यासाठीच आहे. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

अन् पगाराचा रकाना वेगळाच ठेवा, बाकीच्यांत मिसळू नका. पगार धरला की लहान शाळा श्रीमंत दिसते, वगळला की गरीब. तुमच्या बैठकीतले दोघेही पालक आपापल्या परीने खरं बोलत होते. या आकड्यांवरून उद्या कोणी 'मुलामागे इतका खर्च, बंद करा शाळा' म्हणणारच आहे, तेव्हा कुठल्या रकान्यातून काय निघतं ते तुमच्या तक्त्यावर ठळक लिहिलेलं असू द्या.

फोंडेंकार

मान्य, पाल्हाळ कामाचा निघाला. छपराचं सांगा.

जमाखर्च

छपरासाठी दुरुस्तीच्या अर्जाची आवक नोंद आधी शोधा. मग तो प्रस्ताव कोणाकडे धाडला ते विचारा, बांधकाम खातं की महामंडळ. ज्याच्याकडे अंदाजपत्रक पडलंय, माहितीचा अर्ज त्याच्या नावे. चुकीच्या दारात पडला तर कलम ६ (३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य जागी पाठवायला ते बांधील आहेत, पण बरोबर पत्ता घातलेला बरा.

तक्तेवाला

डिचोलीचं झालं की बाकीचे तालुके करायचा मोह होईल. तेव्हा सांग्याच्या जुन्या आकड्यांना हात लावण्याआधी मला सांगा. २०११ च्या जनगणनेत आपले अकरा तालुके होते, धारबांदोडा नंतर वेगळा झाला. जुन्या यादीतल्या सांग्याच्या बऱ्याच शाळा आता तिकडे गेल्यात. गावांची जुळणी करून ठेवलेली फाईल माझ्याकडे आहे, पाठवतो.