ड्रायव्हरच्या चाचणीत नुसते ‘फेल’ न दिसता कारण कसे दिसेल?

प्रश्न:
नमस्कार. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला आयटूसी बसवर (चिपशी दोन तारांवरून बोलण्याची पद्धत) एलएम७५ हा तापमान-सेन्सर जोडून त्यासाठी मी लिनक्सचा ड्रायव्हर (उपकरण हाताळणारा प्रोग्राम) लिहीत आहे. चाचणीचा प्रोग्राम सी भाषेत आहे. काहीही बिघडले की तो ‘रीड फेल, -१’ एवढेच छापतो. वायर निसटली की ड्रायव्हरच लोड झाला नाही, याचा रात्रीच्या चाचणीचा लॉग सकाळी वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. संदेशात नेमके काय असावे?

उत्तर १:
-१ म्हणजे कॉल फसला, एवढेच. कारण एररनो या व्हेरिएबलमध्ये चुकीच्या क्रमांकाच्या रूपात असते. कॉल परतताच तो क्रमांक वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा, कारण मध्ये प्रिंटएफ किंवा क्लोज हे कॉल आले तरी एररनोची किंमत बदलू शकते. मग अशी ओळ छापा: ‘फेल: तापमान वाचन, बस १, पत्ता ४८ हेक्स, एररनो १२१’ (हेक्स म्हणजे सोळाच्या पायावरची संख्या). ड्रायव्हरची उपकरण-फाइल उघडतानाच २ आला, तर ड्रायव्हरने ती फाइल तयारच केलेली नाही. वाचताना रास्पबेरी पायवर १२१ आला, तर बहुधा चिपने पोच दिलेली नाही. मात्र पोच न मिळाल्यास कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) दस्तऐवजात ६ सांगितला आहे आणि इतर आयटूसी कंट्रोलरवर तोच मिळू शकतो. त्यामुळे चाचणी एकाच आकड्यावर बांधू नये.

उत्तर २:
सेन्सर जोडलेलाच नसेल, तर ते ‘फेल’ नव्हे. कर्नलसोबत येणाऱ्या सेल्फटेस्ट या चाचण्यांमध्ये अशा वेळी ४ हा एक्झिट कोड देऊन चाचणी वगळली असे नोंदवतात. पण तुमच्या रात्रीच्या यंत्रावर सेन्सर असायलाच हवा, म्हणून तेथे तो न सापडणे ‘फेल’च धरावे, नाहीतर निसटलेली वायर आठवडाभर कोणाच्या लक्षात येणार नाही.

उत्तर ३:
वाचन यशस्वी होऊन किंमत चुकीची येते, त्या वेळी एररनोचा काहीच उपयोग नसतो आणि माझ्या मते खरा वेळ तिथेच जातो. एलएम७५ हा सेन्सर तापमानाच्या दोन बाइटांपैकी वरचा आधी पाठवतो, तर एसएमबसचे (आयटूसीवर आधारित पद्धतीचे) वर्ड-वाचन, म्हणजे दोन बाइटांचे वाचन, पहिला आलेला बाइट खालचा धरते. ड्रायव्हरमध्ये या बाइटांची अदलाबदल करायची राहून गेली, तर २५ अंशांसाठी हेक्समध्ये १९०० ऐवजी ००१९ मिळतो आणि ९ बिटांचे रूपांतर करताना खालचे ७ बिट गळून ० अंश उरतो. नुसता ० पाहून कोणीही सेन्सरवरच संशय घेईल. म्हणून ड्रायव्हरने मूळ वर्ड डीबग संदेशात हेक्समध्ये छापावा आणि चाचणीने अपेक्षित व मिळालेल्या तापमानाशेजारी तो संदेशही लॉगमध्ये घ्यावा.